अल्झायमरच्या नव्या औषधाची बातमी कशी वाचायची

बाबांना अल्झायमर झाल्याचं कळलं तेव्हापासून घरच्या ग्रुपवर सारखी ‘आता विसरणं थांबणार’ छापाची एखादी बातमी येते. पाठवणाऱ्याच्या मनात मायाच असते. पूर्वी अशा प्रत्येक बातमीनंतर मला झोप लागायची नाही. आता मी पेन्सिल घेऊन वाचायला बसते.

आधी प्रयोग कुणावर झाला ते शोधा. उंदरांवर असेल तर त्यावर आशा लावून बसू नका. उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. त्याची जनुकं बदलून मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, साठवायला लावतात. उंदरांत गुण दिसलेली कितीतरी औषधं माणसांत निकामी ठरली आहेत. प्रयोग माणसांवर असेल तर टप्पा पाहा. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध झेपतं का, एवढंच तपासतात.

मग टक्के. इथे मात्र सावकाश. लेकानेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाची बातमी २०२२ मध्ये आली : आजाराचा वेग २७ टक्क्यांनी कमी. मला रडू आलं होतं. मग मूळ शोधनिबंध उघडला. १,७९५ रुग्ण, १८ महिने. रुग्णाशी आणि त्याला जवळून ओळखणाऱ्याशी बोलून स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं आणि स्वतःची निगा या सहा गोष्टींना गुण देतात. एकूण १८, गुण वाढले की आजार वाढला. प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काही, घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, औषध घेणाऱ्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. त्याला १.६६ ने भागा, २७ टक्के येतात. म्हणजे ढासळले दोन्ही गट, एक जरा हळू. इतक्या वर्षांच्या अपयशानंतर मला हे फार मोलाचं वाटतं. पण ‘बरा होणार’ असं त्यात कुठेच नाही.

त्या प्रयोगात फक्त सुरुवातीच्या अवस्थेतले रुग्ण होते. बाबा तेव्हा शर्टाची बटणं लावता लावता तिसऱ्या बटणाशी थांबायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. निकषांची ती ओळ मी तीनदा वाचली. तुम्ही ती सगळ्यात आधी वाचा.

दुष्परिणामांचा तक्ताही सोडू नका. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली, प्लासिबोवाल्यांत १.७ टक्के. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना धोका बराच जास्त.

एवढं झालं की डॉक्टरांसाठी कागदावर चार प्रश्न लिहा : अवस्था कोणती? मेंदूत अमायलॉइड आहे हे तपासून झालंय का? जनुक तपासणी करायची का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काय? मी तो कागद बाबांच्या हातात दिला होता. पहिला प्रश्न त्यांनीच वाचला, आणि डॉक्टरांनी उत्तर माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून दिलं.