शाळा चालू असताना मुलांना परगावी न्यायचे असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील मराठी घरांपुढे एक अडचण दरवर्षी उभी राहते. मुलांचे आजोळ, आत्या, काका कोल्हापूर, सांगली, पुणे किंवा मुंबईकडे असतात आणि तिथल्या शाळांच्या सुट्ट्या आपल्या शाळांच्या सुट्ट्यांशी जुळत नाहीत. महाराष्ट्रातील शाळांना मोठी सुट्टी दिवाळीला मिळते. कर्नाटकातील शाळांना ती दसऱ्याला मिळते आणि दिवाळीला जेमतेम सणापुरते दिवस हाती लागतात. त्यामुळे पुण्याची भावंडे आजोळी जमतात तेव्हा आपली मुले वर्गात बसलेली असतात, आणि आपली मुले मोकळी असतात तेव्हा तिकडे सहामाही परीक्षा जवळ आलेली असते.

म्हणून शाळा चालू असताना मुलांना चार-आठ दिवस बाहेर नेण्याची वेळ सीमाभागात कोणावरही येऊ शकते, आणि त्यासाठी पालकांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र ती रजा कशी काढावी याची एक रीत आहे. खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून अनेक वर्षे काम करताना आणि स्वतःच्या मुलीला वाढवताना जे उमगले, ते येथे मांडत आहे.

पहिला प्रश्न असा विचारावा की हा प्रवास खरोखरच आता करावा लागणार आहे का. आजीची पंचाहत्तरी, सख्ख्या मावशीचे लग्न, गावात बऱ्याच वर्षांनी भरणारी महालक्ष्मी यात्रा या गोष्टी आपल्या सोयीने पुढे ढकलता येत नाहीत आणि मुलांनी तिथे असणे हेही शिक्षणच आहे. गोव्याला किंवा कोकणात फिरायला जाणे मात्र पुढे ढकलता येते. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मे अखेरीस संपते. महाराष्ट्रातील बहुतेक शाळा मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. म्हणजे मे महिन्यातले जवळजवळ चार आठवडे दोन्हीकडची मुले मोकळी असतात. भावंडांना एकत्र राहू द्यायचे असेल तर तोच काळ खरा आहे, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच तिकडच्या नातेवाइकांशी बोलून ठेवले तर दिवाळीतली निम्मी ओढाताण कमी होते. हंगाम नसताना खोली स्वस्त मिळते एवढ्याच कारणासाठी पाचवीच्या पुढच्या मुलाची शाळा बुडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जायचे ठरलेच तर वर्षभराच्या गैरहजेरीचा हिशेब आधी मांडावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी किमान 220 दिवस शाळा भरली पाहिजे. आठ दिवसांची रजा या आकड्यांपुढे लहान दिसते. पण ती वर्षातली एकमेव रजा कधीच नसते. पावसाळ्यात ताप-सर्दीचे दिवस जातात, भातपट्ट्यात सुगीच्या वेळी घरातली लहान भावंडे सांभाळायला मुले मागे राहतात, घरच्या लग्नकार्यात दोन-तीन दिवस जातात. याशिवाय जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीमुळे जिल्हा प्रशासन शाळांना सुट्टी जाहीर करते. तिची भरपाई पुढे शनिवारी दुपारी किंवा रविवारी वर्ग घेऊन करावी लागते आणि त्या काळात धडे नेहमीपेक्षा वेगाने पुढे सरकतात. अशा वेगाच्या आठवड्यात मूल बाहेर असेल, तर एरवीच्या मानाने त्याचे नुकसान जास्त होते.

मी स्वतः वापरलेले माप सांगते. पहिली ते चौथीच्या मुलासाठी सहलीची आणि नातेसंबंधांची मिळून वर्षाला सहा-सात दिवसांची रजा चालू शकते. पाचवी ते सातवीला तीन-चार दिवस पुरेत. आठवी-नववीला शनिवार-रविवारला जोडून एखादा दिवस घ्यावा. शनिवारी सकाळचीच शाळा असते, त्यामुळे शुक्रवार-शनिवार धरून निघाले तर दीड दिवसच बुडतो. दहावीच्या वर्षी सहलीसाठी रजा काढूच नये. एसएसएलसी परीक्षेला बसण्यासाठी किमान 75 टक्के हजेरी लागते. चार दिवसांच्या सहलीने ती अट मोडत नाही हे खरे, पण पूर्वपरीक्षा, उजळणीचे वर्ग आणि प्रयोगाचे तास इतके लागोपाठ असतात की त्या वर्षी गेलेला आठवडा पुन्हा हाती येत नाही.

आता तारखा. शिक्षण खात्याचे वार्षिक वेळापत्रक वर्षारंभी शाळेत येते आणि मुख्याध्यापकांकडे ते पाहायला मिळते. त्यात आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर अधूनमधून होणाऱ्या छोट्या चाचण्यांच्या, चार फेऱ्या आणि संकलित मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्राअखेरच्या, दोन परीक्षा असतात. पहिली संकलित परीक्षा दसऱ्याच्या सुट्टीच्या सुमारास आणि दुसरी मार्चच्या आसपास होते. यांच्या आधीचा एक आठवडाही टाळावा, कारण उजळणी त्याच आठवड्यात होते. प्रतिभा कारंजीसारख्या शालेय कलागुणांच्या स्पर्धेत किंवा तालुका पातळीवरील खेळांत मूल भाग घेणार असेल तर त्या तारखाही विचाराव्यात. संघातला एक खेळाडू न सांगता गावाला गेला की बाकीच्या मुलांची तयारी वाया जाते. पाचवीतील मूल नवोदय किंवा मोरारजी देसाई निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार असेल, तर परीक्षेआधीचा महिना मोकळा ठेवावा. दोन मुले वेगवेगळ्या शाळांत, एक मराठी आणि एक इंग्रजी माध्यमात असतील, तर दोघांचीही वेळापत्रके शेजारी ठेवूनच तारीख ठरवावी.

वेळापत्रक बदलू शकते हेही लक्षात असू द्यावे. 2025 मध्ये सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाचे काम शिक्षकांकडे असल्यामुळे दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली आणि बुडालेले तास नंतर भरून काढावे लागले. त्या वर्षी सुट्टी वाढल्याच्या आनंदात पुन्हा दिवाळीची रजा काढणाऱ्या मुलांचा अभ्यास दुहेरी मागे पडला.

तारीख ठरली की घाईने तिकीट काढण्याचा मोह होतो, कारण रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते आणि दिवाळीच्या गाड्या पाहता पाहता भरतात. तरीही क्रम उलटा करू नये. आधी वर्गशिक्षकांशी बोलावे, मग तिकीट काढावे. तिकीट हातात घेऊन शाळेत गेल्यावर आपण विचारायला आलेलो नसतो, कळवायला आलेलो असतो, आणि शिक्षकांना तो फरक लगेच समजतो.

अर्ज लेखी द्यावा आणि त्यात खरे कारण लिहावे. या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. आपल्याकडे रजेच्या अर्जात ताप लिहिण्याची सवय इतकी मुरलेली आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतच नाही. माझ्या वर्गात चौथीतला एक मुलगा आठ दिवसांनी परतला तेव्हा अर्जात ताप लिहिलेला होता. घरून त्याला बजावून पाठवले होते की कुठे गेलो होतो ते बाईंना सांगायचे नाही. एरवी सतत बोलणारा तो मुलगा दोन आठवडे माझ्याकडे मान वर करून पाहत नव्हता. मी तब्येतीची चौकशी केली की तो रडवेला व्हायचा. त्याने समुद्र पाहिला होता आणि ते कोणालाही सांगण्याची त्याला मुभा नव्हती. त्या आठ दिवसांत बुडालेला गुणाकार मी आठवड्याभरात भरून काढला. त्याचे मोकळे बोलणे परत यायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागले. मूल अर्ज वाचते, निदान ऐकते. आई-वडील शिक्षकांशी खोटे बोलतात हे त्याला एकदा कळले की पुढे गृहपाठाबद्दल खरे बोलण्याचा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरणार?

अर्ज लांबलचक नको. पुढील मजकूर पुरेसा आहे आणि तो मराठी शाळेत मराठीतच द्यावा. माध्यम कन्नड किंवा इंग्रजी असेल तर त्या भाषेत लिहावा.

“माननीय मुख्याध्यापक यांस, सविनय नमस्कार. माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे. तिच्या आजीच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही सर्व कुटुंबीय पुण्याला जाणार असल्याने ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाच दिवस शाळेत येऊ शकणार नाही. या काळात शिकवले जाणारे धडे आम्ही वर्गशिक्षिकांकडून समजून घेतले असून ते पूर्ण करून घेण्याची जबाबदारी आमची आहे. कृपया रजा मंजूर करावी, ही विनंती.”

खाली पालकाची सही, दिनांक आणि फोन क्रमांक असावा, आणि अर्जाचे छायाचित्र मोबाइलवर ठेवावे. निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी अर्ज दिला तर शिक्षकांना धड्यांचा विचार करायला वेळ मिळतो. मुलांची नोंद आता संगणकावरील प्रणालीतही असते आणि कारण न कळवता लांबलेली गैरहजेरी शाळाबाह्य मुलांच्या शोधात धरली जाऊ शकते; मग शिक्षकांना घरी चौकशीला यावे लागते. खासगी शाळांचे रजेचे नियम बहुधा डायरीत छापलेले असतात. ते आधी वाचावेत. मुख्याध्यापकांनी नकार दिला तर वाद घालण्याऐवजी कोणते दिवस अडचणीचे आहेत ते विचारावे. अनेकदा प्रवास दोन दिवस अलीकडे-पलीकडे केल्याने प्रश्न सुटतो.

अभ्यास भरून काढण्याबाबत माझी स्वतःची चूक सांगते. मुलगी पाचवीत असताना आम्ही तिला दिवाळीसाठी नऊ दिवस पुण्याला नेले. ती हुशार आहे, आल्यावर करेल, असे मी शिक्षिका असूनही मानले. त्या नऊ दिवसांत वर्गात अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकवून झाली. तिने मैत्रिणीच्या वहीवरून सगळी उदाहरणे सुंदर अक्षरात उतरवून घेतली आणि आम्हाला वाटले, काम झाले. जानेवारीत लक्षात आले की समच्छेद कशासाठी करायचा हे तिला कळलेच नव्हते. वही उतरवणे म्हणजे शिकणे नव्हे. गणितातला नवा भाग येणार असेल तर निघण्याआधीच्या दोन-तीन संध्याकाळी तो मुलाला तोंडी, वस्तू हातात घेऊन समजावावा. एक भाकरी चार जणांत वाटली तर प्रत्येकाला किती आणि सहा जणांत वाटली तर किती, एवढे जरी हाताने करून पाहिले तरी परतल्यावर मूल वर्गात परके होत नाही.

सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी सगळ्यात मोठी हानी कन्नडची होते, आणि नेमकी तीच पालकांच्या लक्षात येत नाही. मराठी घरात बोलली जाते, गणित घरात समजावता येते. पण खानापूरच्या पश्चिमेकडील अनेक गावांत कन्नड मुलाच्या कानावर शाळेतच पडते. पुण्यात आठ दिवस राहिलेल्या मुलाने त्या काळात कन्नडचे एक अक्षरही पाहिलेले नसते. यावर उपाय सोपा आहे. कन्नडचे पाठ्यपुस्तक पिशवीत घ्यावे आणि रोज रात्री एक उतारा मोठ्याने वाचून घ्यावा. बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना कोगनोळी नाक्यापर्यंत दुकानांच्या आणि गावांच्या पाट्या मुलाने वाचाव्यात. कागल आले की तीच अंतरे मराठी पाट्यांवर मोजावीत. घरात कन्नड जाणणारे कोणी नसेल तर शेजारच्या कन्नडभाषक मावशींना किंवा वरच्या वर्गातल्या मुलाला परतल्यावर चार संध्याकाळी बसायची विनंती करावी. कोणी नाही म्हणत नाही.

याहून जास्त अभ्यास प्रवासात नेऊ नये. आजोळी गेलेल्या मुलासमोर सकाळी सात वाजता वह्या मांडल्या तर त्याला आजोळही मिळत नाही आणि अभ्यासही होत नाही.

परतीचा प्रवास शाळेच्या आदल्या रात्री उशिरा संपेल असा ठेवू नये. मधे एक मोकळा दिवस असावा. पहिल्या दिवशी पालकांनी स्वतः शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटावे आणि कोणता भाग पूर्ण झाला, कोणती चाचणी राहिली ते विचारून घ्यावे. मुलाने पाहिलेले शनिवारवाड्याचे, समुद्राचे किंवा यात्रेचे वर्णन वर्गात सांगू द्यावे, अशी विनंतीही करावी. मराठीच्या तासाला ते उपयोगी पडते. त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा शाळेत डोकावावे, कारण राहून गेलेला भाग पहिल्या आठवड्यात दिसत नाही, तो पुढचा धडा अडतो तेव्हा दिसतो.