रेकॉर्डिंग ड्राइव्हमध्ये टाका, मजकूर डॉकमध्ये घ्या: कोड न लिहिता बांधायची साखळी

तासाभराची मराठी मुलाखत हाताने उतरवायला सहज चार ते सहा तास जातात. ऐकून लिहून देणारी यंत्रं आता चांगली झाली आहेत, पण त्यांच्या आगेमागे बरंच किरकोळ काम उरतं. फाइल फोनवरून काढायची, लहान करायची, चढवायची, आलेला मजकूर चिकटवायचा, शिवाय कुठली झाली आणि कुठली राहिली याचा हिशेब ठेवायचा. ही हमाली मेक, झॅपियर, एनएटएन अशा जोडणी करून देणाऱ्या सेवांवर टाकता येते. इथली साखळी गूगल ड्राइव्ह, मेक आणि ओपनएआयचं व्हिस्पर (बोलणं ऐकून मजकूर करणारं मॉडेल) यांची आहे. झॅपियर वापरायला जास्त सोपं, पण त्याच्या फुकट योजनेत दोनच टप्पे जोडता येतात आणि आपल्याला सहा-सात लागतात.

आधी फाइल नीट करा

साखळी अडते ती बहुतेक वेळा फायलीपाशी. व्हिस्परची सेवा एका वेळी २५ एमबीपर्यंतची फाइल घेते. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला जवळपास १० एमबी जागा खाते, म्हणजे अडीच मिनिटांतच मर्यादा संपली. १२८ केबीपीएसची एमपीथ्री २६ मिनिटांच्या आसपास बसते. तीच फाइल मोनो, १६,००० हर्ट्झ, ३२ केबीपीएस अशी केली तर मिनिटाला पाव एमबीसुद्धा लागत नाही आणि सुमारे शंभर मिनिटं मावतात. गुणवत्तेची काळजी नको, कारण व्हिस्पर आलेला आवाज आत घेताना स्वतःच १६,००० हर्ट्झ मोनो करून घेतं. तुमचा स्टिरिओ त्याच्या उपयोगाचाच नाही.

ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, निर्यात करताना एमपीथ्री, मोनो, १६,००० आणि ३२ निवडा. मेकची फुकट योजना मात्र ५ एमबीच्या वरची फाइल हाताळत नाही. त्या योजनेवर राहायचं असेल तर २० मिनिटांचे तुकडे पाडा. तुकडा बोलण्याच्या मध्ये नको, श्वास घेतलेल्या जागी पाडा आणि पुढचा तुकडा चार-पाच सेकंद मागून सुरू करा. चार ओळी दोनदा आल्या तर खोडता येतात, कापलेलं वाक्य परत मिळत नाही.

व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप ओपस फायली म्हणून उतरतात आणि त्या शेपटाची (नावाच्या शेवटी .opus असलेली) फाइल व्हिस्परची सेवा नाकारते. आतला आवाज ओजीजी डब्यातच असतो, त्यामुळे नावाचं शेपूट बदलून ओजीजी केलं की काम होतं. रूपांतराची गरज नाही.

आणि जे कुठलंच सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही ते: फोन बोलणाऱ्यापासून हात-दीड हातावर ठेवा, खाली रुमाल घाला, पंखा बंद करा.

फोल्डर तीन, शिवाय एक

ड्राइव्हमध्ये ‘आलेले’, ‘झालेले’ आणि ‘अडलेले’ असे तीन फोल्डर करा. मजकुराचे डॉक ठेवायला चौथा वेगळा. डॉक ‘आलेले’मध्येच बनवलेत तर पुढच्या फेरीला (साखळी एकदा चालली की एक फेरी) साखळी त्यालाच रेकॉर्डिंग समजून उचलते.

मेकमध्ये ‘फोल्डरवर नजर ठेवा’ असं तयार मॉड्यूल (साखळीतला एक टप्पा) आहे आणि पहिल्यांदा सगळे तेच घेतात. ते फाइल तयार झाल्याच्या किंवा बदलल्याच्या वेळेवर चालतं. ड्राइव्हमध्ये आधीपासून पडलेली जुनी फाइल ओढून या फोल्डरात आणली तर यातली कुठलीच वेळ बदलत नाही आणि साखळी ढिम्म हलत नाही. म्हणून नजर ठेवणारं मॉड्यूल सोडा, शोधणारं घ्या. दर फेरीला ‘आलेले’मध्ये जे आहे ते शोधायचं, काम झालं की ‘झालेले’मध्ये हलवायचं. रांग म्हणजे फोल्डरच. काय राहिलं ते उघडून बघितलं की कळतं.

जोडणी

१. गूगल ड्राइव्हचं फायली शोधणारं मॉड्यूल. फोल्डर ‘आलेले’, एका फेरीत जास्तीत जास्त ३ फायली. फुकट योजनेत एक फेरी पाच मिनिटांत तोडली जाते, म्हणून हाव नको.

२. फाइल उतरवणारं मॉड्यूल. शोधातून आलेला फाइल आयडी इथे जोडा.

३. ओपनएआयचं ट्रान्सक्रिप्शन मॉड्यूल. मॉडेल व्हिस्पर-१, तापमान (यंत्र किती मोकळेपणाने शब्द निवडतं ते) ०. फाइल डेटा मागच्या मॉड्यूलमधून घ्या. फाइलच्या नावाच्या रकान्यात ड्राइव्हवरचं मराठी नाव न देता साधं रोमन नाव आणि खरं शेपूट द्या. शेपूट राहिलं तर फाइल धडधाकट असूनही ‘प्रकार चुकीचा’ अशी तक्रार येते.

४. गूगल डॉक्सचं साच्यावरून डॉक बनवणारं मॉड्यूल. साच्यात तारीख, नाव, ठिकाण, मूळ आवाजाचा दुवा आणि मजकूर अशा पाच जागा ठेवा. दुवा हवाच, तपासणाऱ्याला एका क्लिकवर आवाज मिळाला पाहिजे.

५. गूगल शीट्समध्ये एक ओळ: फाइलचं नाव, वेळ, डॉकचा दुवा आणि ‘तपासलं का’ हा रिकामा रकाना. मजकूर शीटमध्ये भरू नका. एका घरात ५०,००० अक्षरं मावतात आणि देवनागरीत काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे तासाभराचं बोलणं तिथवर सहज पोचतं.

६. फाइल ‘झालेले’मध्ये हलवा. हे डॉक आणि शीट झाल्यानंतरच. आधी हलवलीत आणि डॉक बनताना काही बिनसलं, तर फाइल झाली असं दिसतं आणि मजकूर कुठेच नसतो.

७. टेलिग्रामवर डॉकचा दुवा पाठवा. फक्त दुवाच, कारण एका संदेशात ४,०९६ अक्षरांच्या वर जात नाहीत.

व्हिस्परला मराठी सांगावी लागते

भाषेच्या रकान्यात मराठीचा दोन अक्षरी कोड, एम आणि आर, लहान रोमन अक्षरांत भरा. रिकामा ठेवलात तर यंत्र सुरुवातीच्या तीस सेकंदांवरून भाषा ओळखतं. सुरुवात ‘हॅलो, टेस्टिंग’ने किंवा हिंदीतल्या नमस्काराने झाली तर पुढचं सगळं भलत्याच भाषेत येऊ शकतं. लिपी एकच असल्यामुळे हिंदीकडे घसरलेलं पटकन लक्षातही येत नाही.

सूचनेचा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात. त्यात हुकूम लिहून उपयोग नाही, ‘अचूक लिही’ म्हटल्याने काही होत नाही. यंत्र त्याकडे आधीचा मजकूर म्हणून बघतं आणि तीच धाटणी पुढे चालवतं. म्हणून विरामचिन्हांसह एक-दोन स्वच्छ वाक्यं लिहा आणि त्यांत मुलाखतीत येणारी गावांची, माणसांची, पिकांची नावं गुंफा: ‘ही मुलाखत दापोलीत झाली. मुरूड, आंजर्ले आणि केळशी इथल्या सुपारीच्या बागांबद्दल बोलणं आहे.’ शेवटची २२४ टोकनंच (यंत्र मजकुराचे करतं ते छोटे तुकडे) धरली जातात आणि देवनागरी टोकनं भराभर खाते, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच नावं द्या.

लांब शांतता आली की व्हिस्पर कल्पनेने भरतं: कोणी न उच्चारलेला ‘धन्यवाद’, नाहीतर तेच वाक्य दहा वेळा. चहा आला, पाहुणा उठून गेला, अशा जागा ऑडॅसिटीत आधीच कापा. कोण बोललं हे व्हिस्पर-१ सांगत नाही. वेळेच्या खुणा हव्या असतील तर उत्तराचा प्रकार एसआरटी निवडा, तपासताना फार सोय होते.

अडलं तर

ट्रान्सक्रिप्शनच्या मॉड्यूलला चूक झाल्यावर चालणारी वेगळी वाट (एरर हँडलर) जोडा: फाइल ‘अडलेले’मध्ये हलवा, काय चुकलं तो संदेश टेलिग्रामवर पाठवा, शेवटी ‘इग्नोर’ (चूक सोडून पुढे जा) लावा. ही वाट नसेल तर एक बिघडलेली फाइल दर फेरीला रांगेच्या तोंडाशी उभी राहते आणि लागोपाठ चुका झाल्यावर मेक अख्खी साखळी बंद करतं. मेकचा ‘ब्रेक’ हा पुन्हा प्रयत्न करणारा पर्याय इथे लावू नका. तो अर्धवट फेरी राखून ठेवतो, फाइल मात्र ‘आलेले’मध्येच राहते, म्हणून पुढची फेरी तिला परत उचलते. एका मुलाखतीचे दोन डॉक आणि पैसेही दोनदा.

चुकीच्या संदेशात आकडा येतो. ४१३ म्हणजे फाइल मोठी. ४०१ म्हणजे ओपनएआयच्या खात्याची किल्ली (एपीआय की) चुकीची. ४२९ फसवा आहे. कधी ‘जरा हळू’ असा अर्थ, कधी ‘खात्यात पैसे नाहीत’. चॅटजीपीटीची महिन्याची वर्गणी भरली म्हणून एपीआय (मेकसारख्या सेवांनी ओपनएआयला जोडून घ्यायची वाट) चालू होत नाही, त्याचं खातं वेगळं आणि त्यात आगाऊ पैसे भरावे लागतात. व्हिस्पर-१चा दर मिनिटाला ०.००६ डॉलर, म्हणजे तासाला ३६ सेंट.

खरा खर्च फेऱ्यांत लपतो. मेकच्या फुकट योजनेत महिन्याला १,००० क्रेडिट (एक मॉड्यूल एकदा चाललं की साधारण एक जातं) मिळतात आणि रिकामा शोधही एक क्रेडिट घेतो. दर पंधरा मिनिटांनी फेरी लावली तर दिवसाला ९६, म्हणजे एकही फाइल न येता अकराव्या दिवशी कोटा खलास. दोन तासांनी एक फेरी ठेवा: महिन्याला ३६० शोधात जातात, उरलेल्या ६४० मध्ये फाइलमागे सहा धरले तर शंभरावर फायली होतात.

तपासणी

मजकूर आल्यावर दुसऱ्या एआय मॉडेलकडून परिच्छेद पाडून घेण्याचा मोह होतो. घ्या, पण कच्चा मजकूर त्याच डॉकमध्ये खाली जसाच्या तसा राहू द्या. ही मॉडेलं वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणं गुपचूप पुस्तकी करतात. ‘मले मालूम नाई’चं ‘मला माहीत नाही’ झालं की बातमीपुरतं चालेल, बोलीच्या नोंदीसाठी ते रेकॉर्डिंग वाया गेलं.

ऐकताना सगळं सारख्या लक्षाने ऐकू नका. नावं, आकडे आणि नकार या तिन्हींवर थांबा. दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द आकड्यांत बदलताना घोळ होतो, आणि वाक्याच्या शेवटी पुटपुटलेला ‘नाही’ गळला तर अर्थच उलटा. चुकलेली नावं शीटच्या एका रकान्यात लिहीत जा. पुढच्या मुलाखतीच्या सूचनेत कोणती नावं घालायची ते तिथूनच उचलता येतं.