ऑप्शनचं पत्र आलं की आधी काय वाचायचं

भाची पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीत अमळनेरला आली, ओट्यावर बसली आणि कंपनीचं पत्र पुढे करत म्हणाली, "मामा, हाई काय शे?"

आमच्या गावाला शेअर नवे नाहीत. विप्रोची सुरुवात 1945 साली इथेच, तेलाच्या कारखान्यातून झाली आणि कितीतरी घरांनी ते शेअर वर्षानुवर्षं जपले. पण भाचीच्या हातात शेअर नव्हते, ऑप्शन होते, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. शेअर डिमॅटमध्ये जमा होईपर्यंत ना लाभांश मिळतो, ना मत देता येतं.

लाल पेन घ्या आणि तारखांना गोल करा. ग्रँट म्हणजे हक्क दिला तो दिवस, व्हेस्टिंग म्हणजे तो पक्का झाला तो दिवस. कायद्याने दोन्हींत किमान एक वर्ष लागतं. भाचीचे 400 ऑप्शन दर वर्षी 100 असे पक्के होणार होते.

नोकरी सोडल्यावर किती दिवसांत शेअर घ्यायचे, हे बहुतेक वेळा पत्रात नसतं, योजनेच्या मूळ कागदात असतं. माझे पक्के झालेले ऑप्शन याच एका ओळीपायी गेले. राजीनामा दिला, 90 दिवसांची मुदत होती, मी चौथ्या महिन्यात विचारायला गेलो. म्हणून ती योजना लेखी मागून घ्याच.

आता पैसे. चारही वर्षं पुरी झाली, ठरलेला भाव 60 आणि त्या दिवशी बाजारभाव 210 आहे असं धरा. शेअर घ्यायला 24,000 लागतील. शिवाय दर शेअरमागचा 150 चा फरक, म्हणजे 60,000, पगारातच धरला जातो. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर 18,000 कर आणि वर सेस. एकही शेअर विकायच्या आधी 42,000 च्या वर रक्कम हाताशी लागते. कंपनी बाजारात लिस्ट नसेल तर विकायला गिऱ्हाईकही सहज मिळत नाही, तेव्हा घाई करू नका.

वॉरंट हाही ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्कच, पण ते वेगळं. लिस्टेड कंपनी ते बहुधा प्रवर्तकांना किंवा मोठ्या गुंतवणूकदारांना देते. 25 टक्के रक्कम आधी भरायची, उरलेली 18 महिन्यांत. नाही भरली तर आधीची जप्त.

शेअर नावावर आले की सभेची नोटीस येईल, ती वाचा. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, विशेष ठरावाला विरोधाच्या किमान तिप्पट. स्वतंत्र संचालकांना ऑप्शन देता येत नाहीत, कारण त्यांनी कंपनीवर लक्ष ठेवायचं असतं.

आणि पत्र कपाटात कुठे ठेवलंय ते घरी सांगून ठेवा. नोकरीत असताना कर्मचारी गेला तर दिलेले सगळे ऑप्शन त्याच दिवशी वारसांचे होतात. भाचीने ओट्यावरच आईला हाक मारून पत्र दाखवलं, मग योजनेची प्रत मागायला एचआरला मेल केला.