अल्गॉन्क्विनला निघण्याआधी

कॅनडातलं अल्गॉन्क्विन उद्यान म्हणजे टोरांटोहून तीन तासांचा तर रस्ता, सकाळी उठून ठरवू, असं बरेच जण म्हणतात. मेपल रंगतो तेव्हा, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तसं जमत नाही. गाडीचं दिवसाचं परमिट काही दिवस आधी ऑनलाइन मिळतं आणि शनिवार-रविवारचं बघता बघता संपतं. तेव्हा आधी परमिट, मग बाकीची बांधाबांध. रजा मिळत असेल तर मधला वार गाठा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण आत रेंजचा भरवसा नाही. पेट्रोल वाटेतल्या हंट्सव्हिल गावातच भरा.

बूट चांगल्या पकडीचे हवेत. ओली पानं खडकावर पडली की शेवाळापेक्षा वाईट. सकाळी थंडी कडक असते आणि लुकआउट ट्रेलचा चढ संपेतो घाम येतो, म्हणून एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे.

वेळेचा हिशेब मात्र नीट मांडा. हायवे 60 उद्यानाच्या दक्षिण भागातून सुमारे 56 किलोमीटर जातो आणि सगळ्या जागा पश्चिम फाटकापासूनच्या किलोमीटरने ओळखल्या जातात. बहुतेक गाड्या पश्चिमेच्या लाल-केशरी टेकड्यांवर फोटो काढून परत फिरतात. माझ्या मते तिथे अर्धंच जंगल पाहून होतं. पश्चिमेचा भाग उंच, तिथे पाऊस जास्त आणि माती बरी. म्हणून शुगर मेपल, बीच, पिवळा बर्च आणि सावलीत तग धरणारा हेमलॉक. उद्यानाच्या पूर्व टोकाकडे जमीन उतरते, कोरडी आणि रेताड होते, आणि पाइनचं राज्य सुरू होतं. मधे 42.5 किलोमीटरला स्प्रूस बॉग या दलदलीवरची फळ्यांची वाट आहे. छोटी आहे, मुलांनाही झेपते. मेपल हुकला तरी हळहळू नका: ऑक्टोबरच्या मध्याला दलदलीतला टॅमरॅक पिवळाधमक होतो आणि मग सुया गाळतो. सूचिपर्णी असून पानगळ करणारं झाड आपल्याकडच्यांना नवलच वाटतं.

पूर्व फाटकाजवळच्या लॉगिंग म्युझियमला निदान तासभर ठेवा. एकोणिसाव्या शतकात इथला पांढरा पाइन तोडून, चौकोनी तासून, वसंतातल्या पुरावर ओटावा नदीकडे सोडत आणि पुढे तो ब्रिटनला जाई. तोडणारे हिवाळाभर एका ओंडक्यांच्या खोलीत राहत. मधोमध उघडी शेकोटी, वर छपराला धूर जायला मोठं भोक. ‘अॅलिगेटर’ नावाची वाफेची बोटही तिथे आहे. तळं संपलं की पुढच्या झाडाला दोर बांधून ती स्वतःलाच जमिनीवरून ओढत पुढच्या तळ्यात नेई! 1893 मध्ये उद्यान झालं ते नद्यांची उगमस्थानं आणि वन्यप्राणी राखायला, शेतवस्ती रोखायला. लाकूडतोड थांबली नाही, मोठ्या भागात आजही चालते. मग आगगाडी आली, तिच्यामागून हॉटेलं आणि हौशी शहरी पाहुणे. ट्रॅक अँड टॉवर ट्रेलवर त्याच जुन्या रेल्वेमार्गावरून चालता येतं.

मूस, म्हणजे हरणाच्या कुळातलं थोराड जनावर, बघायचाच असेल तर रंगांचा हट्ट सोडून मे-जूनमध्ये जा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ कडेच्या डबक्यांत उतरतं आणि ते चाटायला मूस हायवेलगत येतात. पण तेव्हा चावणाऱ्या काळ्या माश्या असतात. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यात खोचलेली पँट आणि डोक्यावर जाळी, याला पर्याय नाही.

डब्यात पुऱ्या, दशम्या, काहीही न्या, फक्त उरलंसुरलं तिथे टाकू नका आणि मुक्काम असेल तर खाणं तंबूत ठेवू नका, अस्वलं आहेत. कनूने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, आतल्या तळ्यांवर जाणार असाल तर दुकानातल्या पत्र्याच्या डब्यांतलं नि बाटल्यांतलं खाणंपिणं चालत नाही. जळण घरून नेऊ नका, लाकडातून किडे पसरतात. परतीला संधिकाळ झाला तर गाडी हळू हाका: मूसचे पाय लांब, अंग काळपट, हेडलाइटमध्ये तो फार उशिरा दिसतो.