कंपोझिशन शिकताय? प्लेबॅक बंद ठेवून लिहा

पाश्चात्त्य संगीतरचना शिकताना ग्रेडच्या परीक्षा, हार्मनी (स्वरांचा मेळ), काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी) हे सगळं करावंच लागतं, ते तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते नोटेशन सॉफ्टवेअरच्या प्लेबॅकबद्दल, म्हणजे संगणकावर लिहिलेली स्वरलिपी तो लगेच वाजवून दाखवतो त्याबद्दल. मी त्यात पुरती अडकले होते. अजूनही नवीन स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) उघडला की हात आधी प्लेच्या बटणाकडे जातो.

संगणक काहीही वाजवतो. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेचा मोकळा जी आणि त्याच तारेवरचा बी एकत्र लिहा, तो खुशाल वाजवेल. वादकाला ते अशक्यच, कारण दोन्ही स्वर त्याच एका तारेवर आहेत. फ्लूटचं खालचं सप्तक नाजूक असतं. सोबत ट्रॉम्बोन जोरात आले की ते बुडतं, स्पीकरवर मात्र व्यवस्थित ऐकू येतं. हार्पला स्वर चढवा-उतरवायला सात पेडल, प्रत्येकाच्या तीन जागा. वेगवान क्रोमॅटिक (अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकणारी) ओळ लिहिलीत की पाय पुरत नाहीत. हॉर्नवाल्याचे ओठ दमतात, त्याला मध्ये विश्रांती लागते. यातलं काहीच स्क्रीनवर कळत नाही. कळतं ते तालमीत, सगळा ऑर्केस्ट्रा समोर बसलेला असताना, आणि तिथे नवख्याच्या वाट्याला वेळ अगदी थोडा येतो.

म्हणून महागड्या साउंड लायब्ररी (संगणकासाठी वाद्यांच्या आवाजांचे संच) घेऊ नका. त्या पैशांत एखाद्या क्लॅरिनेटवादकाचा वेळ विकत घ्या आणि गप्प बसून ऐका. गुरूंबद्दलही माझं मत ठाम आहे: तुमचे बार (स्वरलिपीतले मात्रांचे भाग) स्वतः दुरुस्त करून देणारा नको. ‘व्हायोलाची ओळ गाऊन दाखव’ म्हणणारा भेटला, तर त्याला सोडू नका.

कमिशनवर, म्हणजे कुणी मागणी करून लिहून घेतलेल्या रचनांच्या मानधनावर, घर चालत नाही. संगीतकार वनराज भाटिया पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून आले, तरी त्यांनी जाहिरातींच्या जिंगल्स ढिगाने केल्या. उतारवयात ऑपेराही लिहिला. तेव्हा शिकवण्या घ्याव्या लागल्या तर मन खट्टू करू नका. उशिरा सुरुवात केलीत, नावाजलेल्या संस्थेत प्रवेश मिळाला नाही, तरी दार बंद होत नाही. जपानचे संगीतकार तोरू ताकेमित्सु बहुतांशी स्वतःच शिकले होते.

सुरुवात दोन वाद्यांपासून करा. पार्ट (प्रत्येक वाद्याची वेगळी स्वरलिपी) छापा आणि वादकापुढे ठेवा. त्याआधी पान उलटायच्या जागी त्याला रेस्ट (विराम) आहे ना, बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक होल टोन (पूर्ण स्वर) खाली वाजतं म्हणून त्याचा पार्ट तेवढाच वर लिहिलाय ना, एवढं तपासून घ्या.