‘फुकट’ जर्मनी आणि आमचा एक-चौदा

यंदा चवथीला जर्मनीहून गोव्यात घरी आले, तर गणपतीवरची माटोळी (फळापानांची आरास) बांधून व्हायच्या आधीच वाड्यावरच्या दोघी मुली फाइल घेऊन सोप्यावर हजर. दोघी फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या, शेवटच्या वर्षाला. पहिलाच प्रश्न: “ताई, जर्मनीत फुकट असतं ना?”

मीही हेच विचारत फिरत होते, 2022 मध्ये. उत्तर कळेपर्यंत माझं एक वर्ष गेलं. आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं पत्र), एपीएस (जर्मनीसाठीची कागदपत्रांची तपासणी) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. त्यावर सांगणारे डिचोलीपासून मडगावपर्यंत पैशाला पासरी मिळतात. पैशाबद्दल मात्र सगळे मोघम बोलतात.

तर, फुकट आहे का? हो, आहे. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत. विद्यापीठांचा खर्च तिथली राज्यं करातून भागवतात. काही राज्यांनी मध्यंतरी फी लावून पाहिली होती, लोकांनी विरोध केला, आणि शेवटचं लोअर सॅक्सनी राज्यही 2014 मध्ये माघारी आलं. तुम्ही फक्त सेमिस्टरचं शुल्क भरता. ते काही शे युरोंचं असतं आणि त्यात बऱ्याचदा बस-ट्रेनचा पासही येतो. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य 2017 पासून युरोपबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्यांना फी लावली. म्हणजे ‘जर्मनी’ असं एकगठ्ठा काही नाही. राज्य बघा, विद्यापीठ बघा, आणि वाचताय ती माहिती कुठल्या वर्षाची आहे ते बघा. ‘फुकट देशां’च्या जुन्या याद्या अजून फिरतात, त्यांत स्वीडन, फिनलंड, नॉर्वे सर्रास असतात. स्वीडनने परक्यांना फी लावली 2011 मध्ये, फिनलंडने 2017 मध्ये, नॉर्वेने 2023 मध्ये.

आता माझा खड्डा. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

फी नाही, पण व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच दाखवावा लागतो. दाखवायचा म्हणजे बापाच्या पासबुकाची झेरॉक्स नव्हे. बहुतेक जण तो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकतात. पैसे तुमच्या नावावर, पण महिन्याला ठरलेलाच हप्ता बाहेर येतो. मी चौकशीला लागले तेव्हा ही रक्कम 10,332 युरो होती. जानेवारी 2023 पासून 11,208 झाली. 1 सप्टेंबर 2024 पासून 11,904, म्हणजे महिन्याला 992. रुपयांत माझ्या वेळी दहा लाखांच्या आसपास. विमान, विमा, पहिल्या खोलीचं डिपॉझिट वेगळं.

दहा लाख! बाबा कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचे, निवृत्त कंडक्टर. पण मी निर्धास्त होते, कारण बँक आहे, आणि तारणाला घर आहे. शैक्षणिक कर्जात साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, जामीन चालतो. त्यावर गेलं की सरकारी बँकेला मालमत्ता लागते. बँकेतल्या साहेबांनी बाबांना विचारलं, “घर आसा मरे तुमचें?” बाबा म्हणाले, आसा. झालं, आमच्या लेखी कर्ज मंजूर.

तो एप्रिल होता, 2023 चा. जूनमध्ये ॲडमिशनचं पत्र आलं. मग बँकेच्या वकिलाने कागद मागितले आणि आमचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) पहिल्यांदा मी नीट वाचला. कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचं नाव. आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. घरपट्टी बाबांच्या नावावर, वीजबिल बाबांच्या नावावर, छप्पर शाकारलं बाबांनी. वकिलाने शांतपणे सांगितलं की घरपट्टीने मालकी सिद्ध होत नाही, आणि एक-चौदाही नुसता आधार आहे, मालकीहक्काचा शेवटचा शब्द नाही. आजोबांचे वारस चार: बाबा, दोन काका, मुंबईची आत्या. आणि गोव्याचा कायदा तुम्हाला माहीत आहे. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायको दोघं मालमत्तेत अर्ध्या-अर्ध्याचे धनी. म्हणजे दोन्ही काकूंच्या सह्या, आणि ज्यांनी आमचा उंबरठा दहा वर्षांत ओलांडला नव्हता त्या आत्याच्या यजमानांचीही. वरून घराखालच्या जमिनीची सनदही (शेतजमीन घरासाठी वापरायची सरकारी परवानगी) नव्हती.

आत्या भांडखोर नाही हो. तिला एवढंच वाटलं, एक सही केली की आपला हक्क गेला. तिची भीती चुकीची होती असंही मी म्हणणार नाही. अशा सह्यांवर गोव्यात कितीतरी घरं फुटली आहेत. शेवटी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली केस, घालायचं ठरलं, आणि कोर्टाला माझ्या ऑक्टोबरच्या सेमिस्टरशी काय देणंघेणं? विद्यापीठाला जागा पुढच्या वर्षासाठी ठेवा म्हणून लिहिलं. उत्तर दोन ओळींचं: पुन्हा अर्ज करा.

त्या चवथीला मी पाहुण्यांसमोर आलेच नाही, आत नेवऱ्या तळत बसले.

म्हणून त्या दोघींना मी आधी हेच सांगितलं. विद्यापीठांची यादी नंतर करा, आज एक-चौदा काढा, ऑनलाइन निघतो. शहरात असाल तर त्याऐवजी फॉर्म डी. नाव कुणाचं आहे, कुळाच्या किंवा मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) रकान्यात कोणी आहे का, सनद आहे का, हे बघा. गोंधळ दिसला तर घाबरू नका, पण दुसऱ्या तारणाच्या मागे लगेच लागा. तारण आईबापाचंच हवं असं नाही, नातेवाइकाचंही चालतं. माझ्या बाबतीत फोंड्याचा मामा उभा राहिला, त्याचा फ्लॅट स्वच्छ कागदांचा. सही अर्थातच मामीचीही लागली. मामीने पेन हातात घेऊन विचारलं, “परत येशील ना गो?” मी हो म्हटलं. जून 2024 मध्ये 11,208 युरो भरून व्हिसाचा अर्ज केला आणि ऑक्टोबरमध्ये गेले, एक वर्ष उशिरा.

मधल्या काळात एका एजंटाने सुचवलं होतं की आठवड्यापुरते कुणाचे तरी पैसे फिरवू, टक्केवारी द्या. अजिबात नको. ब्लॉक्ड खात्यातून पैसे महिन्या-महिन्याने सुटतात, सावकार आठवड्याने दारात येतो. आणि एजंटांबद्दल माझं मत असं की ज्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, तो तुम्हाला बिनफीच्या विद्यापीठाचं नाव कशाला सांगेल? त्यापेक्षा वर्षभर आधी गेलेल्या कुणालाही गाठा. ‘मार्गदर्शक’ म्हणवणारे पाच-सात वर्षांपूर्वी गेलेले लोकही मला फारसे उपयोगी पडले नाहीत. त्यांचे आकडे त्यांच्याबरोबरच म्हातारे झालेले असतात.

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. प्रत्येक देशाचा शिक्षणाचा पैसा आधी त्याच्या घरच्यांसाठी असतो. जर्मनीत माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी बाफ्योग ही सरकारी मदत घेते: अर्धं अनुदान, अर्धं बिनव्याजी कर्ज, आणि कर्ज कितीही झालं तरी फेडायचे जास्तीत जास्त 10,010 युरो. आपल्याला ते नाही. इंग्लंडमध्ये 1998 पर्यंत घरच्या मुलांना फी नव्हती. मग 1,000 पौंड आले, 2012 मध्ये 9,000 झाले. पण ते कर्ज पगारातून कापलं जातं. ऑगस्ट 2023 पासून शिकायला लागलेल्यांना 25,000 पौंडांवरच्या कमाईच्या 9 टक्के, आणि 40 वर्षांनी उरलेलं माफ. स्कॉटलंड आपल्या मुलांना अजून फी लावत नाही. ऑस्ट्रेलियाने 1974 मध्ये फी काढून टाकली, 1989 मध्ये परत आणली, पण ‘कमवाल तेव्हा फेडा’ या पद्धतीने. अमेरिकेचं पेल अनुदानही घरच्यांनाच. ऐकायला सगळं छान, पण त्यांचं कर्ज न कमावणाऱ्याला छळत नाही, आपलं छळतं. जर्मनीसारखे अपवाद सोडले तर आपण तिथे जातो ते पूर्ण फी भरणारे पाहुणे म्हणून.

पोर्तुगीज पासपोर्टचं काय, हे गोव्यात कुणीतरी विचारणारच. 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मलेल्या आजोबांच्या जोरावर तो मिळतो, आणि युरोपीय संघातल्या देशांत फी तिथल्या मुलांइतकीच पडते, हे खरं. पण ब्रिटनमध्ये ऑगस्ट 2021 पासून नुसत्या त्या पासपोर्टवर घरची फी मिळत नाही. आमच्या ओळखीचा एक मुलगा हे तिथे पोचल्यावर शिकला. शिवाय भारतीय नागरिकत्व जातं, आणि इथल्या बँकांची नेहमीची शैक्षणिक कर्जं भारतीय नागरिकांसाठी असतात. दोन्ही होड्यांत पाय ठेवता येत नाही.

एवढं ऐकून त्या दोघींचे चेहरे उतरले, तेव्हा मलाच वाईट वाटलं. तर हेही सांगते: मार्ग आहेत. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस ही संयुक्त मास्टर्सची शिष्यवृत्ती आहे, महिन्याला 1,400 युरो, फीही त्यातच. अर्ज बहुधा हिवाळ्यातच असतात, म्हणजे चवथ संपली की लगेच लागायचं. मी तिकडे पाहिलंच नाही, ‘आपल्याला कोण देतंय’ म्हणून. हा शुद्ध मूर्खपणा होता. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, त्याचे निकष बँकेत जायच्या आधी वाचा. संशोधनाची खरी ओढ असेल तर जर्मनीत पीएचडी बऱ्याचदा पगारी नोकरीच असते. शिकताना कामही करता येतं, 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस. मी प्रयोगशाळेत तासांवर काम करते, खोलीचं भाडं त्यातून निघतं. कर्ज फिटेल एवढं मात्र नाही, तो हिशोब करू नका.

आणि मोरॅटोरियममध्ये, म्हणजे शिकत असतानाच्या सवलतीच्या काळात, कर्जाचा हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. जमेल तर व्याज भरत राहा. मी दरमहा भरते.

त्या दोघींतल्या एकीने दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मोबाइल पुढे केला. उताऱ्यावर तिच्या पणजोबांचं नाव होतं. आमच्या इन्व्हेंटरीची पुढची तारीख दसऱ्यानंतरची आहे, आत्या येणार म्हणते.