दुबई पावणेदोन तासांत? विमानाच्या वेळेचा हिशोब करताना या चुका टाळा

काका पहिल्यांदाच मुलाकडे दुबईला निघाले होते. तिकिटाची प्रिंट घेऊन आमच्याकडे आले. मुंबईहून सकाळी १०:००, दुबईला ११:४५. "पावणेदोन तास? एवढ्यात मी डोंबिवलीहून विमानतळावर पोचत नाही!" परतीचं तिकीट बघितलं तर रात्री १०:०० ते २:३०, म्हणजे साडेचार तास. "जाताना उतार आणि येताना चढ आहे का रे?"

नेहमीची पहिली चूक हीच. तिकिटावरची वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. जाताना दीड तास मिळवा, सव्वातीन तास होतात. येताना वजा करा, तीन तास. लंडनला तर फरकही बदलतो: हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं हलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

दुसरी चूक जरा हुशार लोक करतात: अंतर भागिले वेग. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किमी, विमानाचा वेग ताशी ८५० धरला तर सव्वादोन तास. मग वरचा तास कुठला? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी सुटसुटीत वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांची रांग लागते. चढताना-उतरताना वेग कमी असतो. शिवाय ते १,९३० म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं. कधी मार्गच बंद होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा युरोप-अमेरिकेच्या किती तरी फेऱ्यांना वळसा पडला. अंतराच्या तक्त्यात असलं काही दिसत नाही.

आणि काकांचा चढ? तो खरा आहे, फक्त जाताना. वरच्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात. ताशी ८० किमीचा वारा समोरून आला तर जमिनीवरून मोजलेला वेग ७७० होतो, पाठीशी असला तर ९३०. याच अंतरावर पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. म्हणून येतानाच्या वेळेवरून जातानाची वेळ काढू नका.

अंतर शोधताना विमानतळही नीट निवडा. 'गोवा' म्हणजे दाबोळी की मोपा? मडगावला उतरायचं असेल तर मोपाचं स्वस्त तिकीट टॅक्सीत वसूल होतं. मुंबईच्या तिकिटावरही आता नवी मुंबई तर नाही ना, हे बघावं लागतं. आणि मैल दिसले तर कुठले ते पाहा. साधा मैल १.६ किमीचा, सागरी मैल १.८५२ किमीचा. दुबई साध्या मैलांत १,२०० आणि सागरी मैलांत १,०४० च्या आसपास येते.

तारखेची चूक मात्र मी स्वतः केली. काकांचं परतीचं विमान १४ तारखेचं, पोचणार २:३०. मी १४ च्या पहाटे अडीचला विमानतळावर हजर. दुबईचं विमान आलं, माणसं बाहेर पडली, काका नाहीत. घाबरून फोन लावला. तिकडे रात्रीचा एक वाजून गेलेला. काका झोपेतच म्हणाले, "अरे, मी आज रात्री निघणार." प्रिंट पुन्हा काढली. २:३० च्या शेजारी बारीक अक्षरात '+१' छापलेलं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी.